तोडणीच्या करारावर बाईचं नाव लिहा : साखर कारखान्यांना खुलं पत्र

प्रति,
साखर आयुक्त, महाराष्ट्र राज्य, पुणे
तसेच राज्यातल्या सहकारी आणि खासगी साखर कारखान्यांचे अध्यक्ष व संचालक यांस,

स.न.वि.वि.

हंगामाचे करार सुरू झाले की आमच्या भागात ऊसतोडणीला मजूर नेणाऱ्या मुकादमांच्या मोटारसायकली फिरायला लागतात. कुणाच्या ओसरीवर चहा होतो, उचलीचा, म्हणजे आगाऊ पैशांचा, आकडा ठरतो, स्टॅम्पपेपरवर सही होते आणि मुकादमाच्या वहीत एक कोयता वाढतो. एक कोयता म्हणजे नवरा आणि बायको, दोघं मिळून एक. हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे, कारण हा हिशेब तुमच्याच सोयीचा आहे. सही मात्र एकट्या नवऱ्याची असते. उचल त्याच्या हातात पडते, तोडणीचे पैसे त्याच्या नावावर धरले जातात आणि पट्टा पडल्यावर, म्हणजे हंगाम संपल्यावर, उचल फिटली किती, अंगावर फिरली किती हेही त्यालाच सांगितलं जातं. जिने अर्धा ऊस तोडला, मोळ्या बांधल्या, डोक्यावर घेऊन फळीवरून ट्रकात चढवल्या, ती या कागदांमध्ये कुठेच नाही. बायकोचा अंगठा कुठे घेतलाच, तर तो जामीन म्हणून.

हे पत्र त्या एका कागदाबद्दल आहे.

मी बीड जिल्ह्यातल्या एका गावात बँकेचं ग्राहक सेवा केंद्र चालवते. माझ्या आईवडिलांची उमर तोडणीत गेली. मी आजीपाशी राहून शिकले. आता दिवसभर लोकांची बोटं मशीनवर टेकवून घेते, पैसे मोजून देते, पासबुकं छापून देते. कुणाच्या खात्यात काय येतं, कुठून येतं, कधी येत नाही, हे मला बसल्या जागी दिसतं. ऊसतोड बायकांच्या खात्यात सरकारचे पैसे आलेले मी पाहिलेत. तोडणीच्या मजुरीचे आलेले एकदाही पाहिले नाहीत.

बायकांसाठी या राज्याने काही केलंच नाही, असं मी म्हणणार नाही. पहिलं महिला धोरण महाराष्ट्राने १९९४ साली आणलं, चौथं २०२४ च्या महिला दिनाला आलं. १ मे २०२४ नंतर जन्मलेल्या मुलांच्या सरकारी कागदपत्रांवर वडिलांच्या आधी आईचं नाव लागतं. म्हणजे उसाच्या फडाच्या बांधावर साडीच्या झोळीत झोपलेल्या लेकराच्या कागदावर त्याच्या आईचं नाव आहे. ज्या कामासाठी तिने त्याला तिथे झोपवलंय, त्या कामाच्या कागदावर नाही.

बाळंतपणाचंच घ्या. मातृत्व लाभाचा कायदा १९६१ चा. २०१७ मध्ये पगारी रजा २६ आठवड्यांची झाली. अट काय, तर बाळंतपणाआधीच्या बारा महिन्यांत किमान ८० दिवस काम केलेलं असावं. नोव्हेंबर २०२५ पासून हा विषय सामाजिक सुरक्षा संहितेत गेला, तरी ८० दिवस आणि २६ आठवडे तेच राहिले. हंगाम चांगला असला की तोडणी चार-पाच महिने चालते. आखूड हंगामातही बहुतेक टोळ्यांचे ८० दिवस भरतात. दिवस भरतात, पण ते मांडून ठेवायला कुणी नाही. हजेरीच नाही म्हटल्यावर कायद्याच्या दारात ती काय घेऊन जाणार? कारखान्याला विचारलं तर उत्तर ठरलेलं असतं, आमचा करार वाहतूकदाराशी. वाहतूकदार म्हणतो, माझा मुकादमाशी. मुकादम म्हणतो, मी तिच्या नवऱ्याला उचल दिलीय. आणि नवऱ्याने बायकोला पगारी रजा द्यावी, असं अजून कुठल्या कायद्यात लिहिलेलं नाही.

पाळणाघराचंही तेच झालं. तीसपेक्षा जास्त बायका कामाला असल्या की पाळणाघर पाहिजे, असं १९४८ च्या कारखाना कायद्याने सांगितलं होतं. साखर कारखान्याच्या पटावर तेवढ्या बायका सापडणार कुठून? ज्या आहेत त्या कुंपणाच्या बाहेर, कोप्यांमध्ये, म्हणजे तात्पुरत्या झोपड्यांमध्ये राहतात.

एवढ्या टोळ्या, एवढी माणसं, नोंदी ठेवायच्या कशा, असं तुम्ही म्हणाल. तुमच्या वजनकाट्यावर निघणारी पावती एकदा नीट बघा. शेतकऱ्याचं नाव, गाव, गट, उसाची जात, लागण आहे की खोडवा, गाडीचा नंबर, टोळीचा कोड, भरलेलं वजन, रिकामं वजन, आणि वेळ मिनिटासकट. फडात को-८६०३२ होता की दुसरं बियाणं, हे कारखान्याला माहीत असतं. १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशाने शेतकऱ्याला चौदा दिवसांत पैसे द्यायचं बंधन घातलं, उशीर झाला तर १५ टक्के व्याज लावलं. त्यासाठी टनाटनाचा हिशेब खात्यापर्यंत नेणारी यंत्रणा तुम्ही उभी केलीत. (ते पैसे चौदा दिवसांत मिळावेत म्हणून शेतकऱ्यांना रस्त्यावर का उतरावं लागतं, हा वेगळा विषय.) त्याच संगणकात टोळीच्या कोडाखाली टोळीतल्या प्रत्येकाचं नाव, आधार आणि खातं घालायचं, हे काही तुमच्या लोकांना जड नाही. आजवर कुणी सांगितलं नाही, म्हणून झालं नाही.

बायकांची खाती नाहीत, ही सबब आता चालायची नाही. 'मुख्यमंत्री माझी लाडकी बहीण' योजना जुलै २०२४ पासून सुरू झाली आणि महिन्याचे १५०० रुपये थेट बाईच्या खात्यात यायला लागले. या योजनेला नावं ठेवणारे पुष्कळ आहेत. मतांसाठी आणली, हे त्यांचं म्हणणं मी खोडून काढणार नाही. पण त्यांनी एकदा पैसे जमा झालेल्या दिवशी माझ्या केंद्रासमोरची रांग बघावी. तोडणीवरून परत आलेली, चाळिशीच्या आतली बाई हात पुढे करते. अंगठा टेकवते, मशीन घेत नाही. ओल्या फडक्याने पुसून परत टेकवते, तरी घेत नाही. मग तर्जनी, मधलं बोट, करत करत डाव्या हाताच्या करंगळीवर येतो आणि ती एकदाची लागते. उसाच्या पाचटाने आणि कोयत्याच्या मुठीने बोटांवरच्या रेषा घासून गेलेल्या असतात. कोयता न धरणाऱ्या हाताची करंगळी तेवढी शाबूत असते. "ताई, पाचशेच काढ. बाकीचं राहू दे खात्यात, आन् आमच्या मालकाला सांगू नको," असं हळूच सांगून ती नोटा कमरेच्या पिशवीत घालते.

२०२५ च्या सप्टेंबरात याच योजनेसाठी ई-केवायसी सक्तीची झाली आणि मुदत वाढत वाढत ३१ डिसेंबरवर गेली. ऐन तोडणीचे दिवस. ओटीपी ज्या फोनवर येणार तो नवऱ्याच्या खिशात. लग्न झालेलीला वर नवऱ्याच्या आधारचाही ओटीपी पाहिजे. फडातून फोन यायचे, "ताई, आकडा आला का?" आकडा त्यांच्याकडेच आलेला असायचा, वाचणारं कुणी जवळ नसायचं.

आता तिच्या स्वतःच्या कमाईचा हिशेब करू. जानेवारी २०२४ मध्ये तोडणीच्या दरात ३४ टक्के वाढ झाली आणि टनाला २७३ चे ३६६ रुपये झाले. धडधाकट जोडी दिवसाला दीड-दोन टन तोडते. दोन धरा. दोघांचे ७३२, म्हणजे एकीचे ३६६. महिन्यातले पंचवीस दिवस काम झालं तर तिच्या एकटीच्या घामाचे नऊ हजारांच्या वर होतात. आणि त्यासाठी पहाटे तीन-चारला उठून भाकरी थापायच्या, दिवस उगवायच्या आत फडात जायचं, रात्री गाडी आली तर भरायला उठायचं. दीड हजारासाठी तिला आधार, केवायसी, ओटीपी, सगळं विचारलं जातं. नऊ हजारांसाठी तिचं नावसुद्धा कुणी विचारत नाही.

मी काही जगावेगळं मागत नाही. याच राज्यात हे होऊन गेलंय. १९७२ च्या दुष्काळात लाखो बायका खडी फोडायला गेल्या, त्यातून रोजगार हमी उभी राहिली आणि १९७७ साली तिचा कायदा झाला. तिथे हजेरीपटावर बाईचं नाव वेगळं लागायचं आणि मजुरीचा दर बाप्याचा तोच बाईचा. पुढे मनरेगा आली, मजुरी खात्यात जमा व्हायला लागली. कामावर सहा वर्षांखालची पाच लेकरं असली की त्यांना सांभाळायला त्यांच्यातल्याच एकीला नेमायचं आणि तिला मजुरी द्यायची, हेही नियमात आलं. सगळीकडे पाळलं गेलं, असं अजिबात नाही. पण मस्टरवर नाव होतं म्हणून बायका तहसीलवर जाऊन भांडू शकल्या. तोडणीवरची बाई कुठल्या कचेरीत जाऊन कशाच्या जोरावर भांडेल?

नाव नसल्याची झळ नुसती पैशाला बसत नाही. तुम्हाला खाडा माहीत आहे. एक दिवस फडावर गेलं नाही की मजुरी बुडतेच, वर मुकादम दंड कापतो. तो दंड कोयत्याला लागतो. बाई तापाने किंवा पाळीच्या त्रासाने कोपीत पडून राहिली की नवऱ्याचाही दिवस बुडतो, म्हणून तिला उठवायला मुकादमाला यावंच लागत नाही. घरातलंच माणूस उठवतं. पाण्याला कालवा, आडोशाला ऊस. आडोसाही संध्याकाळपर्यंत आपणच तोडून संपवलेला. कापडं धुवायची कुठे, वाळवायची कुठे? अंगावरून पांढरं जातं, ओटीपोट दुखतं, कंबर धरते. मेडिकलमधून आणलेल्या गोळ्यांवर हंगाम काढायचा आणि गावी आल्यावर खासगी दवाखाना गाठायचा. तिथे कुणीतरी कॅन्सरची भीती घालतं. दोन-तीन लेकरं झालीत, आता गर्भाची पिशवी ठेवून करायचंय काय? पिशवी काढली की पाळी नाही आणि खाडाही नाही, हे गणित तिला दवाखान्यात जायच्या आधीच शेजारणीने सांगितलेलं असतं. ऑपरेशनचा खर्च पुढच्या हंगामाच्या उचलीतून भागतो. ती उचल फेडायला टाके नीट भरायच्या आत परत मोळी डोक्यावर. मग तिशी-पस्तिशीतच हाडं बोलायला लागतात आणि माझ्या केंद्राच्या तीन पायऱ्या चढताना बाई भिंतीला हात धरते.

२०१९ मध्ये हे सगळं राज्यभर गाजलं. डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. बीड जिल्ह्यातल्या ८२ हजारांहून जास्त ऊसतोड बायकांची पाहणी झाली, त्यात १३,८६१ जणींची पिशवी काढलेली निघाली. त्यानंतर खासगी दवाखान्यांना हे ऑपरेशन करण्याआधी जिल्हा शल्यचिकित्सकांची परवानगी घ्यावी लागायला लागली. २०२३ मध्ये उच्च न्यायालयाने ऊसतोड मजुरांच्या हालांची स्वतःहून दखल घेतली. हे सगळं व्हायलाच हवं होतं. पण डॉक्टरांवर निर्बंध आले, खाड्यावर आले नाहीत. बाई दवाखान्यात का येते, याचा अर्धा खुलासा फडात आहे, आणि फड तुमच्या अखत्यारीत आहे.

जोडीने मोजायच्या पद्धतीचा आणखी एक परिणाम सांगते, थोडक्यात, कारण तो गावात सगळ्यांना ठाऊक आहे. एकट्या माणसाला आमच्याकडे अर्धा कोयता म्हणतात, आणि मुकादम अर्धा कोयता शक्यतो घेत नाही. म्हणून टोळी निघायच्या आत पोराचं लग्न उरकायची घाई होते आणि नववी-दहावीतली पोरगी शाळेतून नाहीशी होते. बालविवाह थांबवायला ग्रामसेवक आहेत, चाइल्ड हेल्पलाइन आहे, शाळेत शपथा आहेत. आणि लग्न झालं की उचल वाढते, हा हिशेबही तसाच शाबूत आहे. विधवेचं, टाकून दिलेल्या बाईचंही हेच. तिला काम येतं, ताकद आहे, पण जोडी नाही म्हणून उचल नाही. मग ती भावाच्या नाहीतर दिराच्या कोयत्याला लावून जाते आणि तिच्या कमाईचा हिशेब तिसऱ्याच माणसाच्या हातात जातो.

तुमच्या बाजूचं दुखणं मला माहीत नाही, असं नाही. उचल घेऊन मुकादम गायब होतात, मजूर दोन-दोन ठिकाणी उचल घेतात, वाहतूकदार म्हणून उभा राहिलेला साधा शेतकरी त्यात जमीन घालवून बसतो. ही फसवणूकच आहे आणि ती गरिबांकडूनही होते. पण ज्या व्यवहारात खरी माणसं कोण हेच कागदावर नसतं, तिथे पळून जाणं सोपं असतं. आधार आणि खात्यासकट नावं घेतलीत तर यात तुमचंही भलं आहे.

खरी अडचण माझ्या आईने काढली. तिला हे सगळं सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "नाव आलं की कर्जबी नावावर यील. आज निदान म्हनता येतं, म्या कुठं सही केली व्हती." तिचं म्हणणं उडवून लावण्यासारखं नाही. पण नवरा गेला तर मुकादम उचल मागायला तिच्याच दारात येतो, हेही तिनेच पाहिलंय. म्हणून नुसतं नाव वाढवून भागणार नाही, उचलही वेगळी लिहावी लागेल. तिने स्वतः, तिच्या खात्यात जेवढी घेतली तेवढीच तिच्या नावावर. नवऱ्याने घेतलेली त्याच्या नावावर, आणि ती तिच्या मजुरीतून कापायची नाही. हे कलम नसेल तर माझी मागणी बायकांच्या गळ्यात फास घालणारी ठरेल, हे मी स्पष्टच लिहून ठेवते.

खात्यातले पैसे नवरा काढून घेईल, ही शंका कारखान्याचे लोक फार काळजीने काढतात. काही घरांत घेईलही. त्या काळजीपोटी शेतकऱ्याचं बिल त्याच्या थोरल्या भावाच्या खात्यात टाकल्याचं मी अजून ऐकलेलं नाही.

तर मागणी अशी. साखर संघ आणि कामगार संघटना तोडणीच्या दराचा पुढचा करार करतील तेव्हा टनाच्या आकड्यावर घासाघीस होईलच, ती व्हावीच. त्याच करारात असं कलम घाला की टोळीतल्या प्रत्येक माणसाचं नाव कारखान्याच्या नोंदीत वेगळं असेल, कामाचे दिवस त्याच्या नावापुढे मांडले जातील आणि बाईची निम्मी मजुरी तिच्या खात्यात जाईल. आजारपण, पाळी, गरोदरपण यासाठी खाडा लागणार नाही आणि एकाच्या गैरहजेरीचा दंड दुसऱ्याला बसणार नाही. साखर आयुक्तांना माझी विनंती आहे की गाळपाचा परवाना देताना ही यादी मागा. परवान्यासाठी तुम्ही इतके कागद मागताच, हा एक जास्त मागा.

पैशाचं म्हणाल तर व्यवस्था तयार आहे. गोपीनाथ मुंडे ऊसतोड कामगार कल्याण महामंडळासाठी टनामागे १० रुपये कारखान्याने आणि १० रुपये सरकारने द्यायचं ठरलेलं आहे. चांगल्या हंगामात राज्यात १००० लाख टनांच्या वर ऊस गाळला जातो. म्हणजे नुसत्या कारखान्यांच्या वाट्याचे १०० कोटी आणि तेवढेच सरकारचे. पोरांच्या वसतिगृहांवर त्यातून खर्च होतो तो होऊ द्या. मुलं गावी राहून शिकतात, हे मी माझ्या डोळ्यांनी बघतेय. त्यातच बाळंतपणाची भरपाई बसवता येते. पण ती द्यायची कुणाला, किती दिवसांची, हे ठरवायला कारखान्याच्या नोंदीतले दिवस लागतील. ग्रामसेवकाने दिलेल्या ओळखपत्रावरून ती ऊसतोड कामगार आहे एवढंच कळतं; कुठल्या कारखान्याचा ऊस तिने किती दिवस तोडला, हे तुम्हीच सांगू शकता. आणि पैसे नाहीत, असं कृपा करून म्हणू नका. २०२३ साली सरकारने ९०० तोडणी यंत्रांसाठी योजना काढली, एका यंत्रामागे किमतीच्या ४० टक्के किंवा ३५ लाखांपर्यंत अनुदान. त्या प्रत्येक यंत्राला नोंदणी क्रमांक आहे, विमा आहे.

यंदा सगळ्या राज्यात जमणार नाही, हे मला कळतं. एखाद्या संचालक मंडळाने एका गटापुरतं करून बघावं. आमच्या भागातल्या टोळ्यांच्या बायकांची खाती तपासून देणं, बंद पडलेली चालू करणं, आधार जोडणं, वारसाचं नाव लावणं, बोटं उठत नाहीत त्यांच्यासाठी डोळ्यांच्या ठशाची सोय बघणं, ही कामं मी टोळी निघायच्या आधी करून द्यायला तयार आहे. त्याला साधारण महिना लागेल. तेव्हा दसऱ्याच्या आधी एक महिना तरी कळवा, कारण दसरा झाला की गाव रिकामं होतं.

कळावे,

आपली,
ऊसतोड कामगारांची लेक आणि ग्राहक सेवा केंद्र चालक
जिल्हा बीड